निवडुंगाच्या चिठ्ठीवरचं नाव

त्या वर्षी तारापूरकडे सरकारी प्रकल्पासाठी जमिनी घ्यायच्या म्हणून मोजण्या चालल्या होत्या. बोईसरच्या एस.टी. थांब्यावर माझ्यापुढे चिंचणीची एक बागायतदार बाई होती. तिच्यापुढे मुंबईच्या कॉलेजचा शिपाई, काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन.

“काल आमच्या कुंपनाशी तुमीच होता ना? जमीन मोजत होता.”

“जमीन नाही हो बाई. आमच्या सरांनी निवडुंगाची फांदी घेतली. फुलं आली होती म्हणून.”

“निवडुंगासाठी मुंबईवरनं कोन येतं?”

“फड्या निवडुंग वेगळा, तुमचा वेगळा. तुमच्याला चीक निघतो, फूलही निराळं. तो एरंडाच्या कुळातला, असं सर म्हणतात.”

“काट्याला एरंड म्हनतो, नि म्हने सर! मग माजं नाव कशाला विचारलं त्यानं?”

“फांदी कुणाच्या कुंपणातली, ते चिठ्ठीवर लिहितात. या वर्तमानपत्रांत दाबून वाळवली नि कागदावर चिकटवली की कॉलेजच्या कपाटात शंभर वर्षं राहते. ही बघा चिठ्ठी. मंजुळाबाई, चिंचणी. तुम्हीच ना?”

“मी आनंदी. मंजुळा माजी जाऊ. मला वाटलं मोजणीवाले, म्हनून तिचं सांगितलं.”

“मग खोडून तुमचं लिहू? पेन्सिल आहे.”

बाई चिठ्ठीकडे बघत राहिली. लांबून एस.टी. येताना दिसली.

“शंभर वर्सं?”

“हो, शंभर.”

“आनि जमिनीचं त्यात काय नाय?”

“काहीच नाही.”

“मग राहू द्या जावेचंच. शंभर वर्सांत कोन येऊन वाचंल, काय सांगावं!”