फोटो बघा, जागा विचारू नका

...आणि वर मलाच विचारतात, "आर्वो, गाडी एवढी हळू का चालवतोस?" अहो, हळू नको तर काय करू? मागं चार गाड्या! मे संपत आलेला, दलदलीतला कच्चा रस्ता, आणि माझ्यामागं आमचं अख्खं रानऑर्किड मंडळ, वरात निघाल्यासारखं! मी थांबलो की ते थांबतात. झाडाआड लघवीला गेलो, तर तिघं कॅमेरे सावरत उतरले!

तुम्हाला सांगतो, या ऑर्किडवाल्यांसारखी आतल्या गाठीची जमात उभ्या मिशिगनात नाही. एकमेकांच्या मयतीला जातील, मांस-बटाटा भरलेल्या गरम गरम पास्टी दारात आणून देतील, पण फूल कुठं सापडलं ते विचारून बघा... "इकडंच की, जरा उत्तरेला." उत्तरेला? उत्तरेला तर नुसता तलाव पसरलाय! फोटो बघा, जागा विचारू नका!

आणि या सगळ्यांची गुरू कोण? आमची ही. आयली. दर वर्षी मला याच रस्त्यावर गाडीत बसवून ठेवायची, हातात कॉफीचा थर्मास. "तू इथंच थांब." अगं, मी नवरा ना तुझा? "नवरा आहेस, मंडळाचा सभासद नाहीस." झालं! मी बसून माश्या मारायच्या आणि ही सीडारच्या झाडांच्या गर्दीत गुडुप. परत यायची ती गुडघाभर चिखल माखून, पण तोंडावर असं काही... माहेरून आल्यासारखं. कॅमेऱ्यात ते कॅलिप्सो, अंगठ्याएवढं गुलाबी फूल. कुठं होतं गं? फोटो बघ, जागा विचारू नकोस!

हिवाळ्यात ती गेली. जागा घेऊन गेली.

मंडळाला वाटतं, जाताना माझ्या कानात सांगून गेली असणार. कसलं काय! शेवटचं बोलली ते, "घर तापवायच्या भट्टीची जाळी बदलायची राहिलीय." बदलली. पण मे लागला आणि मला घरात बसवेना. उठ, बस, खिडकीशी जा, परत ये... मला फुलांचं वेड नाही हो. पण ती दर वर्षी मला सोडून कुठं जात होती, एवढं तरी बघायला नको?

तर गाडी थांबली. मागच्या गाडीतून मंडळाच्या लेम्पीबाई टपकल्याच. "आर्वो, सहज आले हो, हवा खायला." हवा कुठली, डास खायला! मी म्हटलं, "थर्मास घ्या, कॉफी ओता सगळ्यांना." ते कपात डोकावले आणि मी सटकलो! ओंडक्यांवरून, शेवाळातून, ओणवा, रांगत... कानात काळ्या माश्या, बुटात गार पाणी... आणि एका पडक्या सीडारच्या मुळाशी दिसलं! एकच. फोटोत असायचं तस्संच. पोटावर पडून किती वेळ बघत राहिलो... माश्या चावत होत्या, चावू दिल्या.

मग मोबाईल काढला. आता फोटोत जागेचा पत्ता उमटतो, तो आधी बंद करायचा, हा मंडळाचा पहिला धडा. केला बंद! टिपला फोटो! वळतो तर काय... वाट कुठंय? चहूकडं तीच झाडं, तेच शेवाळ!

"आर्वोऽऽ! कुठं आहेस रेऽऽ?" लेम्पीबाई, अगदी हाकेच्या अंतरावर! ओ दिली असती तर सुटलो असतो. पण ओ दिली की फूल गेलं! मी तोंडावर हात दाबला आणि रांगत सुटलो उलट्या दिशेला. एका ओंडक्याला वळसा, दुसऱ्याला वळसा, लबाड कोल्ह्यासारखा... आणि लांब जाऊन कमरेपर्यंत चिखलात रुतलो, तेव्हा कुठं बोंब मारली!

मंडळातल्या रूडीनं काखेत हात घालून उपसलं मला. लागलं का, दुखतंय का, काही नाही! "इथंच असणार!" म्हणाला, आणि सगळे भिंगं काढून गुडघ्यांवर. मी थंडीनं कुडकुडतोय, आणि लेम्पीबाई माझ्या बुटाखालचं शेवाळ तपासतायत! "दिसलं का रे तुला?" मी आपला फोटो पुढं केला. जागा? विचारू नका!

आता मंडळात काय मान आहे मला, म्हणून सांगू! सभासद करून घेतलं, टाळ्या वाजवल्या. "खरा आयलीचा नवरा! जीव देईल, पण जागा नाही देणार!"

दुसऱ्या दिवशी गेलो होतो मी, एकटाच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही... अहो, देईन हो जागा, कुणालाही देईन. मला सापडली तर!