लिफ्टच्या नोंदी गेल्या कुठे?

...आणि वर त्या माणसालाच म्हणतात, तुम्ही उगाच काळजी करता! उगाच? तुम्हाला सांगतो, आमचे भावजी जेवताना घास हातात धरून बसायला लागले होते. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लिफ्टवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम लिहितात. दार अडकलं, ब्रेक घसरला, की प्रोग्रॅम एका फाईलमध्ये नोंद करतो, तिला म्हणायचं लॉग. असा एक त्यांनी हॉस्पिटलच्या लिफ्टला बसवला, लॉगसाठी तिथल्या कॉम्प्युटरवर फोल्डर केलं, आणि फोल्डरमध्ये... काही नाही. भावजींच्या कंपनीचे साहेब खूश. खुर्चीत रेलून म्हणाले, "नोंद नाही म्हणजे बिघाड नाही."

आता ताई नेमकी त्याच हॉस्पिटलात नर्स. घरी येऊन सांगायची, आज लिफ्ट मजल्याच्या जरा खाली थांबली, स्ट्रेचर उचलून काढलं. मग एकदा, आज आणखी खाली. मग म्हणे थांबताना वरून काहीतरी घासतं, पेशंट डोळे मिटून घेतात. भावजी लगेच घरून फोल्डर उघडून बघणार... रिकामं. तिकडे लिफ्ट कण्हतेय आणि इकडे चिडीचूप! साहेबांना सांगितलं तर तेच, नोंद नाही म्हणजे बिघाड नाही. हॉस्पिटलच्या मॅनेजरला साहेबांनी तेच ऐकवलं, तर तोही ते तक्रार घेऊन येणाऱ्यांना ऐकवायला लागला!

शेवटी भावजी उठले नि थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. जिन्यानं, बरं का. तिथला कॉम्प्युटर लिनक्सवाला, म्हणजे विंडोजपेक्षा वेगळ्याच प्रणालीवर चालणारा, आणि यांनी फोल्डरचा पत्ता लिहिलेला आपल्या टेबलावरच्या विंडोजच्या पद्धतीनं, उलट्या तिरप्या रेघा देऊन. विंडोजला ती रेघ म्हणजे एका फोल्डरातून दुसऱ्यात जायचं दार. लिनक्सला? नुसतं एक अक्षर! त्यानं तो अख्खा पत्ता रेघांसकट एकाच फाईलचं नाव समजून घेतला, आणि प्रोग्रॅम होता तिथंच कोपऱ्यात इमानेइतबारे लिहीत बसला.

भावजींनी ती फाईल उघडली. ब्रेक घसरला. ब्रेक घसरला. आधी कधीमधी, मग रोज, मग पान भरून तेच... आणि ते वाचत असतानाच तळाशी नवी ओळ उमटली. पाठीमागे मोटार फिरत होती.

त्यांनी ताईला फोन लावला. "कुठे आहेस?"

"लिफ्टपाशी. पेशंटला खाली न्यायचंय."

"चढू नकोस."

"अहो, पण..."

"आतल्यांना बाहेर काढ. मी लिफ्ट बंद करतोय."

तिनं सगळे बाहेर आल्याचं सांगितलं, तेव्हा यांनी मेन स्विच ओढला. मेकॅनिकनं येऊन ब्रेक खोलला, आतली पट्टी तळहातावर घेऊन दाखवली. पापुद्रा उरला होता नुसता.

ब्रेक नवा आला. भावजींनी पत्ता हातानं लिहिणं सोडलं. आता प्रोग्रॅम त्या-त्या कॉम्प्युटरलाच विचारतो, बाबा रे, तुझ्याकडे नोंदी कुठे ठेवतात, आणि रेघाही त्यालाच घालू देतो. कुठेही बसवा, चालतो. लॉग भरायला लागला... दार अडकलं, दिवा गेला, बारीकसारीक सगळं. साहेबांनी तो वाचला, भावजींना केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं. यांना वाटलं, चला, कौतुक होणार!

साहेब अगदी हळू म्हणाले, "तुम्ही हात लावायच्या आधी या लिफ्टची एकही नोंद नव्हती."

भावजी म्हणाले, "हो, साहेब. नव्हती."