आठवं बटण

हॅलो? … हो, दुकानातच आहे. जोरात बोल, मशीन चालू आहे… थांब, बंद करते. हं, बोल ठमे.

… आज? तू तर शुक्रवारी म्हणाली होतीस! … अगं बाई. म्हणजे मोठ्या बाई आजच तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणार? आणि पाठ आवडला तरच नोकरी कायम? … वेळ किती आहे? … दहा मिनिटं! आणि फोन कुणाला, तर नववीत गणितात गचकलेल्या बहिणीला?

… बरं, बरं, रडू नको. शिकवायचंय काय? … श्रेढी. ते मला माणसांच्या भाषेत सांग. … दोन, पाच, आठ, अकरा… दर वेळी तीनच वाढतात… हो, हो, कळलं की! मग अडतं कुठे? … सूत्रात. 'एन वजा एक'. … मुलं विचारतात वजा एक कशाला, आणि तू काय सांगतेस? … "सूत्र आहे, पाठ करा." वा! आमच्या सरांनीही मला हेच सांगितलं होतं. तेव्हापासून गणिताची जी धास्ती घेतली ती घेतलीच.

… नाही हो काकू, तुमचा ब्लाउज संध्याकाळी… तुला नाही गं, गिऱ्हाईक आहे.

… अगं ऐक ना. माझ्या मांडीवर आत्ता एक कोट आहे. पहिलं बटण कॉलरपासून दोन इंचांवर. मग दर तीन इंचांवर एक. म्हणजे तुझंच ते, दोन, पाच, आठ, अकरा. आता सांग, आठवं बटण कुठे? … कागद नको, तोंडी सांग… सव्वीस?

… गणिताच्या बाई ना तू? … आठ त्रिक चोवीस आणि दोन सव्वीस, समजलं मला. पण सव्विसावर कोट संपतो, बटण काय हवेत लावू? … एका हाताची बोटं पसर. किती? … आणि मधल्या फटी? … हं! आता कशी हसलीस! आठ बटणांत अंतरं सातच. सात त्रिक एकवीस आणि दोन, तेवीस.

… मला कुणी नाही शिकवलं. पहिल्या कोटाचं शेवटचं काज घाईत आधी कापलं, असंच एक अंतर जास्त धरून. कोट वाया गेला. पण वजा एक डोक्यात बसला तो बसला.

… म्हणून सांगते, सूत्र आधी लिहूच नकोस. फळ्यावर कोट काढ आणि विचार. निम्मी पोरं सव्वीस म्हणतील. चुकू दे! … मोठ्या बाईंसमोर गोंधळ झाला तर होऊ दे. तूही चुकलीस म्हणून सांग. … सांग गं, नाक कापलं जात नाही त्यानं.

… कोण हसतंय तिकडे? … मोठ्या बाई? शेजारीच? कधीपासून ऐकतायत? … आणि फोन स्पीकरवर आहे हे आत्ता सांगतेस होय!

… न… नमस्कार बाई. … अहो, मी आपली कपडे शिवणारी… मी? वर्गात? कोट घेऊन? … येईन की. पण आज नको, बाई. आजचा तास तिलाच घेऊ द्या. घाबरली की चुकते, पण पोरांवर जीव टाकते हो. मला अशी बाई मिळाली असती तर… जाऊ दे.

… काय? मागच्या बाकावर नाही बसणार? मग? … मुलांमध्ये बसून तुम्हीही उत्तर देणार? … अगं बाई! तुमचंही सव्वीसच आलं होतं?

… हो, हो, ऐकू आली घंटा. पळा दोघी!