दारात चारी, चौकात फोटो

...आन् मी म्हणतो, कळवून काय व्हतंय? माती टाका की. तुम्हाला सांगतो, पाण्याच्या पाइपासाठी माझ्या दारात चारी खणली, पाइप टाकला, पाणीबी सोडलं, आन् चारी बुजवायची तेवढी राहिली. मी काय बोललो न्हाई. म्हंजी बोललो, पर कमी बोललो. मला जास्त बोललेलं खपत न्हाई. आता तुमच्याशी बोलतोय ते निराळं.

गावाचं नाव सांगत न्हाई, शिरूरपासनं लांब न्हाई एवढं धरा. रविवारी आमच्या नातीला, वैष्णवीला, बघायला दौंडकडचे पाव्हणे येणार. आता पाव्हण्यांनी काय उड्या मारत यायचं? पोराची आजी असती, मामी असती, कडक इस्त्रीच्या साड्या असत्यात... दारातच कुणाचा पाय घसरला तर सोयरीक घसरायला कितीसा येळ?

गेलो पंचायतीत. तिथं नवीन खुर्ची टाकलीया, जनसंपर्काची. तिच्यावर इंद्रजीत बसतो. शिकलेला गडी, गळ्यात पट्टा, हातात काठी, काठीला मोबाइल. म्हणलं, "चारी बुजवा." म्हणतो, "आबा, तुमची तक्रार आमच्यासाठी लई मोलाची हाय." म्हणलं, "मोलाची हाय तर ठेव तुझ्यापाशी, चारी बुजव." तर त्यानं आतनं सरपंचांना बोलवलं, सरपंचांनी शाल आणली, नारळ आणला, आन् मला काय कळायच्या आत शाल अंगावर. म्हणलं, "हे कशापायी?" "जागरूक नागरिकाचा सत्कार, आबा. जरा हसा." मी लग्नात हसलो न्हाई, कस्तुराबाईला, आमच्या मंडळीला विचारा. पर तो ऐकतोय व्हय? मी नारळ घेऊन निघालो तर सरपंच नारळ सोडंनात. म्हणत्यात, "थांबा की, फोटो निघू द्या."

तक्रार घेऊन गेलो आन् नारळ घेऊन आलो. वरनं म्हणले, तालुक्याला कळवलंय. कळवलंय. आन् चारी हाय तिथंच.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. वर सगळे पुढारी हात जोडून, मधी सरपंच, खाली कोपऱ्यात मी, शाल पांघरलेला. लिवलंय काय? 'आम्ही ऐकतो.' आन् माझ्या फोटोखाली, 'समाधानी नागरिक हौसराव'. कस्तुराबाई चौकातनं आली ती तणतणतच. "समाधानी कवा झाला तुम्ही? जलमभर माझ्या सैपाकाला नावं ठेवली, आन् पंचायतीला समाधानी?"

परत गेलो. म्हणलं, "इंद्रजीत, मी समाधानी न्हाई." म्हणतो, "आबा, आता कसं, फोटो ग्रुपवर गेला. सगळ्यांनी अंगठं दिल्यात." म्हणलं, "मग ग्रुपवर मला लिवू दे, समाधानी न्हाई म्हणून." म्हणतो, "त्या ग्रुपवर फक्त पंचायतच बोलती." बघा म्हंजी. आम्ही ऐकतो म्हणून चौकात लावायचं, आन् बोलायचं दार आतनं बंद. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणला, "वर कळवलंय, आबा." कळवलंय. आन् चारी हाय तिथंच.

शनिवार उजाडला. माती न्हाई, मानूस न्हाई. मग मी चौकात गेलो आन् फ्लेक्स उतरवला. चोरी न्हाई, माझा फोटो मी घरी आणला. गोठ्यातल्या फळ्या चारीवर टाकल्या, फळ्यांना शेण, म्हणून वरनं फ्लेक्स हातरला. आधी तोंडं खाली केली, मान राखायला. तर कस्तुराबाई म्हणती, "मागची बाजू मळकी दिसती, उलटा करा." केला. आता सगळे पुढारी आभाळाकडं हात जोडून, आन् कोपऱ्यात मी समाधानी.

रविवारी गाडी थांबली. पोराचे आजोबा, सोपानराव, उतरले. आता आजीबाई कशा येतील, मामी काय म्हणंल? म्हणलं, "जपून बरं का, पाव्हणं." सोपानरावांनी धोतर वर धरलं, पुढाऱ्यांच्या मधनं नीट पाय टाकत आले, मागनं आजीबाई आल्या, मामी आल्या, कुणी खाली बघितलंबी न्हाई. अंगणातनं चालल्यागत. मी म्हणलं, "माफ करा, दारात चारी हाय." सोपानराव म्हणले, "आवो आमच्याबी हाय. आमी दोन फ्लेक्स टाकल्यात, तुमचा पातळ हाय." म्हणलं, "शाल दिली का?" म्हणले, "दिली की. ऊब न्हाई तिला."

मग काय, बोलणी चहा निवायच्या आत उरकली. मानसं जुळायला असं काय तरी लागतंय. आन् तोवर इंद्रजीत दारात, काठी वर करून. संध्याकाळी चौकात नवा फ्लेक्स, 'लोकसहभागातून पूल'. म्हणलं, "तालुक्याचं काय झालं?" म्हणतो, "पूल झाल्याचं कळवलंय." आन् चारी हाय तिथंच.

आता लग्न ठरलंय. कस्तुराबाई पदर डोळ्याला लावती, "पोरीला परक्या गावात करमंल का वं?" म्हणलं, रडू नगंस. तिथं उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तिला माहेरीच हाय असं वाटंल.