पंचांगाचे सहावे अंग

मंडळी, मारुतीच्या या अंगणात आपण सगळे आलात. शास्त्रीबुवा आहेत, बापूभटांचा केशव आहे, माझ्या तालमीतले गडी मागे उभे आहेत. मला बोलायची सवय नाही. मी वस्ताद. माझे बोलणे म्हणजे "खाली घे" आणि "सोडू नको". आणि खरे सांगू? आज मला राग आलाय.

बापूभट जोशी रोज सकाळी त्या पायरीवर बसून पंचांग सांगत. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. अंगे पाच. बाकीचे जोशी पाच सांगून उठतात. बापूभट सहावे सांगत. आजच्या तिथीला मागे काय घडले, ते.

"आजच्या तिथीला उत्तरेतल्या फत्तेची बातमी पेठेत आली. हत्तीवरून साखर वाटली. बातमी आणणाऱ्या जासुदाला पाराजवळ कुत्रे चावले." साखर सगळ्यांच्या लक्षात राहिली. जासुदाची पोटरी एकट्या बापूभटांच्या. "आजच्या तिथीला याच देवळात तंबोऱ्याची तार तुटली, आणि गवयांनी उरलेल्या तीन तारांवर पद पुरे केले." ते गवई समोरच बसले होते. म्हणाले, "हो का? मी गायलो होतो?"

मी म्हणायचो, अहो बापूभट, हे लिहून ठेवा. ते म्हणायचे, "लिहिले की तुम्ही ऐकायला येणार नाही." आणि आपण ऐकायला तरी येत होतो का? शेवटी शेवटी पायरीशी कोण असे? मी, आणि देवळातले मांजर. आज बघा, अंगणात पाय ठेवायला जागा नाही.

आणखी एक त्यांची खोड. तिथी बदलली की मोठ्याने सांगायचे. कुठेही असोत. कीर्तन ऐन रंगात आलेले, आणि मागून आवाज, "द्वादशी लागली!" लग्नात अंतरपाट धरलेला, "त्रयोदशी लागली!" ताप चढलेला असला, तरी पांघरुणातून सांगायचे. किती दटावले आपण त्यांना! शास्त्रीबुवा, आपण तर एकदा पुराण अर्धे टाकून उठलात.

आता तो दिवस. सकाळी त्यांनीच सांगितले होते, आज अष्टमी, दिवस मावळता मावळता संपते. दुपारनंतर ते तालमीत आले आणि आमचे जुने भांडण निघाले. आमच्या सिदूने हडपसरच्या रामजीला चीत केले, ती कुस्ती. मी म्हणतो नागपंचमी. सारी पेठ म्हणते नागपंचमी. बापूभट म्हणाले, "वस्ताद, लागली पंचमीला. सुटली षष्ठीला. दोघे एकमेकांत अडकलेले असतानाच पंचमी संपली. मी तेव्हा ओरडलो होतो, आठवते? तुम्ही मला गप्प केलेत."

मी चिडलो. म्हणालो, जिंकलो आम्ही, तिथी कसली शिकवता? आणि पाठ फिरवून आखाड्यात उतरलो. ते खांबाला टेकून बसले. दिवे लावायच्या वेळी मी हाक मारली, उठा बापूभट, घरी चला. ते उठले नाहीत.

तेव्हापासून आपण काय केले? भांडलो. केशवला एवढेच हवे होते की वडिलांचे श्राद्ध दर वर्षी कोणत्या तिथीला करायचे. एक म्हणाले अष्टमी. दुसरे म्हणाले, दिवे लागले होते ना, मग नवमी. शास्त्रीबुवा म्हणाले, वेळ ठाऊक नाही, अमावास्या धरा. अहो, अमावास्या? ज्यांचा दिवस कोणालाच माहीत नाही, त्यांच्या पंगतीला बापूभट? कुत्रे चावल्याची तिथी जपणारा माणूस? लाज वाटते मला. सगळ्यांत जास्त स्वतःची. दहा हातांवर होतो मी, आणि पाठ करून उभा होतो.

पण शास्त्रीबुवा, माझी पाठ होती, कान तिकडेच होते. कशासाठी, ते सांगतो. मी ठरवले होते, आता नवमी लागेल, हे ओरडतील, आणि मी मुद्दाम उत्तर द्यायचे नाही. तेवढीच जिरवायची. म्हणून वाट बघत होतो. एकीकडे गडी मेहनत करत होते, आणि मी त्या एका आरोळीची वाट बघत होतो. ऊन भिंतीवरून उतरले. पलीकडे कौलांवर गेले. तिथूनही गेले. आरोळी आली नाही.

विचारा या गड्यांना. कोणी ऐकली? कोणीच नाही. बापूभट असताना नवमी लागली, आणि ते गप्प बसले, असे होईल? आपल्यापैकी कोणाला तरी हे खरे वाटते का?

केशवा, अष्टमी. खुशाल अष्टमी धर. कोणी विचारले, तर माझे नाव सांग.

आता आपण जरा वेळ गप्प उभे राहू. आज दिवस मावळायच्या आत तिथी बदलते आहे. ती बदलेपर्यंत उभे राहू. मध्येच कोणी ओरडणार नाही, तेवढे सोसू.

बापूभट, वस्तादाचा नमस्कार घ्या. कुस्ती षष्ठीला सुटली.