राजीनामा देऊन हजर

मी इथला नाही, ताई. माझं गाव परभणीच्या पुढं, तिथून हद्द ओलांडून इथं बुऱ्हाणपूरला यायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि आलो तेव्हा मला हिंदी म्हणून जे येत होतं ते सगळं सिनेमातलं. नववीत होतो. बाप बाभळीवरून पडला, पाय गेला, मग शाळा कुणी सोडवली नाही बरं का, ती आपली आपण सुटली. शाळेच्या मागंच एका शेतात मी निंदायला जायचो. गुरुजी हजेरी घ्यायचे ते तिथं ऐकू यायचं. महिनाभर माझं नाव पुकारलं त्यांनी, बालाजी, बालाजी, आणि पोरं म्हणायची गैरहजर. मी खुरपं हातात धरून तिथंच, हाकेच्या अंतरावर. ओ द्यावीशी वाटायची. मग एक दिवस नाव पुकारायचं थांबलं. तांबड्या शाईची रेघ मारली असं नंतर कळलं.

तर मामानं इथं आणलं, इथल्या शनवारा वेशीच्या बाजूला सेठच्या कारखान्यात पॉवरलूमवर लावलं. सेठ माणूस देव. मला भाषा येत नव्हती, काम येत नव्हतं, पण हाकललं नाही. मागाच्या खडखडाटात बोललेलं काही ऐकू येत नाही, तिथं माणूस ओठ बघून शिकतो, आणि बोलायचं तर बेंबीच्या देठापासून. त्या सवयीची गंमत पुढं सांगते... सांगतो. बायको जवळ बसली की मी पण तिच्यासारखा बोलतो बघा. सुनंदा इथून जवळच्याच तुकईथडची, तिच्या घरी मराठी आणि हिंदी एकाच ताटात वाढतात.

पलटणीचं असं झालं, राखीव फौजेत आठवी पासवर आचाऱ्याची भरती निघाली. वर्षातून दोन महिने कॅम्प, बाकी दहा महिने आपापला धंदा. अट एकच, की धंदा पाहिजे. ज्याला बाहेर काम नाही त्याला ही वर्दी नाही, कारण ही पोटाची नोकरी नाहीच, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि कॅम्पचे दिवस पुरे भरायचे, नाहीतर ते वर्ष सेवेत धरत नाहीत. आचारी असला तरी कवायत चुकत नाही, भाकरी थापायच्या आधी सावधान-विश्राम. पहिल्या सकाळी सुभेदार साहेबांनी नाव पुकारलं आणि मी मागावरच्या आवाजात हाजिर म्हणून असा ओरडलो की पुढचे दोघे दचकून हलले. साहेब म्हणाले, अरे मी समोर उभा आहे, पलीकडच्या डोंगराला कशाला सांगतोस. सगळी रांग हसली. पण काय सांगू तुम्हाला, माझ्या डोळ्याला पाणी आलं. कुणीतरी पुन्हा नाव पुकारलं होतं आणि मी ओ दिली होती. तेव्हाच ठरवलं, आता ही हजेरी तुटू द्यायची नाही, काय वाट्टेल ते होवो.

पहिल्या वर्षी कॅम्पच्या दोन महिन्यांत मंदीमुळं कारखाना बंदच होता, त्यामुळं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा माग जोरात चालू. चार दिवस कागद खिशात घेऊन फिरलो, बोलायची छाती होईना. ज्यानं उभं केलं त्याला दोन महिने सोडून जातो कसं म्हणायचं? शेवटी मागाजवळच सेठच्या पुढं कागद धरला. सेठनं वाचला, मुनीमजीकडं बघितलं आणि म्हणाले, ठीक है, राजीनामा लिखके दे दे, फिर जा.

ओठ नीट बघितले मी. राजीनामाच म्हणाले.

म्हणजे नोकरी गेली. पण वाद कसला घालायचा, त्यांचा हक्क होता. कोपऱ्यात बसलो आणि लिहिलं, मी बालाजी, खुशीनं राजीनामा देत आहे, सेठजींचे उपकार जन्मभर विसरणार नाही. खाली सही. मुनीमजींनी वाचून, बढिया लिखा है, म्हणून फाईलला लावलं. सेठनं वर पाठीवर थाप दिली, तबियत संभालना. मी मनात म्हटलं, बघा किती मोठं मन, काढून टाकतानासुद्धा गोड बोलतात. माझ्या मागावर लगेच बदलीवाला उभा केला. सुनंदाला एक शब्द बोललो नाही. तिला वाटलं सेठनं सुट्टी दिली, मी तसंच वाटू दिलं.

कॅम्पात तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांकडून कामाचा चालू दाखला मागितला. म्हणजे आमचा धंदा अजून आहे ना, ते बघायला. माझ्याकडं जुना होता. तो दिला असता तर चाललंही असतं. पण वर्दी घालून खोटं बोलणं जमेना. पिठाचे हात पुसले, जाऊन उभा राहिलो, म्हटलं साहेब, मी राजीनामा दिलाय. साहेब साताऱ्याकडचे, त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, येड्या, नोकरी नाही तर नाव राहत नाही, माहीत होतं ना तुला? म्हटलं, माहीत होतं. मग आलास कशाला? म्हटलं, नाव पुकारलं तेव्हा गैरहजर नको होतो.

साहेबांनी हातातली यादी मिटली. मग म्हणाले, आठ दिवस देतो, कुठल्याही धंद्याचा दाखला आण, नाहीतर मला नाव काढावं लागेल. आणि आधी घरी सांग.

फोन लावला. सगळं सांगून टाकलं. पलीकडून सुनंदाचे हुंदक्यासारखे आवाज. मला वाटलं रडते. तर ती हसत होती! तोंडात पदर कोंबून हसत होती, ताई. म्हणाली, अहो, तुम्ही किती वर्षं इथं राहिले, इतकं पन समजत नाही? इकडं भांडण मिटलं, दोघं राजी झाले, की लिहून घेतात ना, त्याले राजीनामा म्हणतात. समझौता! तुमचा तिकडचा राजीनामा म्हणजे इथं इस्तीफा. सेठनं समझौता मागला आणि तुम्ही रडका कागद देऊन आले.

मी म्हटलं, तू विचारून तर ये. गेली ती तशीच कारखान्यात. मुनीमजींनी फाईल काढली, म्हणाले हे काय, तुझ्या माणसानं खुशी से लिहून दिलंय, दो महीने बदलीवाला, फिर वो खुद. तिनं उलगडून सांगितलं तर सेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्याच दिवशी दाखला टाइप करून शिक्का मारून तिच्या हातात दिला, तिनं फोटो पाठवला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, बालाजी, तुझ्या बायकोला पलटणीत घ्यायला पाहिजे होतं. पुढच्या कॅम्पला येताना इथली मावा जिलेबी आणायची कबूल केली त्यांना, अजून दरसाल नेतो.

त्याला आता काही वर्षं झाली. एकही कॅम्प चुकला नाही. ताप असताना गेलोय, धाकटीच्या बारशाला नव्हतो, ते सुनंदा अजून ऐकवते आणि ऐकवू दे, तिचा हक्क आहे. सकाळी कारखान्यातल्या पारीच्या, म्हणजे पाळीच्या आधी तापीच्या घाटावर काठी खांद्याला घेऊन एकटाच कवायत करतो, धुणं धुणाऱ्या बाया म्हणतात, आले कर्नलसाहेब. घोर माझा जात नाही, तो स्वभावच आहे, बोलावण्याचा कागद आला की अजून दोन दिवस तो खिशातच फिरतो. पण देवानं मला माणसं चांगली दिली. सेठचं भलं होवो, साहेबांचं भलं होवो, आणि माझं नाव पुकारत राहिलेल्या त्या गुरुजींचंही.

परवा निघायचंय. सकाळीच मुनीमजी म्हणाले, क्यों बालाजी, इस साल का राजीनामा? दिला लिहून. तुम्ही हे लिहाल तेव्हा तो शब्द बदलू नका, ताई. गावाकडच्यांना वाचू दे, घाबरू दे जरा. दरसाल राजीनामा देतो म्हणावं बालाजी, आणि दरसाल दोन्ही ठिकाणी हजर.