ताटातलं नाव

(ओट्यावर पितळी ताट आपटतं.)

विठाबाई : सुवर्णा, ताटावर राग काढू नको. लग्नातलं हाय ते.

सुवर्णा : म्हणूनच काढलं खाली, आई. ह्याच ताटात तुम्ही तांदूळ पसरलेत आणि ह्यांनी अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं. आता ह्याचीच झेरॉक्स नेऊन देते बँकेत.

चंदर : अगं, साहेब चुकीचं काय बोलला? रेशनकार्डावर सुवर्णा, डी.एड.च्या सर्टिफिकेटवर साधना. बाई एकच आहे, हे त्याला कसं कळणार?

सुवर्णा : नवरा शेजारी बसला होता की! एक शब्द बोलायचा.

चंदर : बोललो ना.

सुवर्णा : काय बोललात? "माझ्याच नावावर काढा खातं, हिला कशाला ताप." तो हसला. तुम्हीपण हसलात.

चंदर : पगार घरातच येणार ना शेवटी?

सुवर्णा : शाळेचं पत्र वाचलंत तरी? सोमवारपर्यंत स्वतःच्या नावाचं खातं, नाहीतर यादीतली पुढची बाई. डी.एड. होऊन नऊ वर्षं झाली, आत्ता कुठे जागा निघाली!

चंदर : अ‍ॅफिडेव्हिट करू.

सुवर्णा : त्यानं भागत नाही म्हणाला. गॅझेट पाहिजे. त्याला महिने लागतात, आणि सोमवार परवा आहे.

विठाबाई : मी काय वाईट केलं गं? घरात एक साधना व्हतीच, माझी लेक. दोघींना हाक कशी मारायची?

सुवर्णा : ती सहा महिन्यांत पिंपळगावला नांदायला गेली, आई. तिथं त्यांनी तिची मनीषा केली. आता ह्या घरात साधना एकही नाही.

विठाबाई : ...मला बी नव्हतं आवडलं ते. लय रडले मी.

सुवर्णा : मग माझ्या माहेरी कुणी रडलं नसेल?

चंदर : बास झालं! पोरगी ऐकतेय.

सुवर्णा : ऐकू दे.

जुई : आई, साधना म्हणजे तू?

सुवर्णा : हो गं माझी बाय. ये, मांडीवर बस. रिबीन बघ कशी सुटलीये.

जुई : आणि आत्यापण?

सुवर्णा : आत्यापण.

जुई : मग मी कधीपर्यंत जुई?